घरचे सोडून एक वाचक

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून मी संपादक.

ऑफिसातून बिनपगारी रजा मंजूर. साहेब म्हणाले, जूनअखेरपर्यंत तुमची खुर्ची कोणाला देत नाही, पुढचं पुढे बघू. मी नम्रपणे मान हलवली. मनात म्हटलं, खुर्ची आजच देऊन टाका कोणाला तरी. उमेदीची सगळी वर्षं नळांच्या कॅटलॉगची पानं लावण्यात गेली. बेसिनचा नळ, बाथरूमचा नळ, गच्चीवरचा नळ. पुरे झालं.

आता स्वतःचं मासिक. विषय: व्हिडिओ गेम्स. मोफत, डिजिटल आणि इंटरॅक्टिव्ह, म्हणजे वाचकाने बोट लावलं की पान काहीतरी करून दाखवणार. नाव ठरलं: 'पुढची लेव्हल'. संपादकीय तर आंघोळ करतानाच तयार झालं.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे. रोज हजार शब्द लिहिणे. आठवड्याला एक गेम शेवटपर्यंत खेळणे.

३ फेब्रुवारी
नऊला जाग आली. पहिला दिवस धरत नसतात.

५ फेब्रुवारी, गुरुवार
बायको लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर लोकांच्या रक्ताचे रिपोर्ट काढते, त्यामुळे तिला घरातही प्रत्येक गोष्टीचा पुरावा लागतो. आज जेवताना विचारलं, हे वाचणार कोण. म्हटलं, जग. ती म्हणाली, जग राहू दे बाजूला, मला एक माणूस दाखव. ज्याने तुझं आत लिहिलेलं वाचलंय आणि त्यातली एक तरी गोष्ट ज्याला सांगता येते, असा एक. जूनअखेरपर्यंत. दाखवलास तर त्या खुर्चीचं नाव मी जन्मात काढणार नाही. नाही दाखवलास तर सोमवारी गुपचूप डबा घेऊन ऑफिसला जायचं.

आणि घरचे धरायचे नाहीत, असंही वर म्हणाली.

एक! मला हसूच फुटलं. तिला वाटलं ठसका लागला. पाणी दिलं. मी अट कबूल करून टाकली. बिचारीला इंटरनेटचा आवाका माहीत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार
मेहुणा येऊन गेला. बायकोचा धाकटा भाऊ. प्रोग्रॅमर आहे, हुशार आहे, पण दूरदृष्टीच्या नावाने शंख. मासिकाची तांत्रिक बाजू तो बघणार.

कव्हरची कल्पना मात्र माझी. कव्हरवर एका कोपऱ्यात नळ, दुसऱ्या कोपऱ्यात कुंडी, मध्ये वेडेवाकडे पडलेले पाइपचे तुकडे. वाचकाने बोटाने तुकडे फिरवायचे, जोडायचे आणि नळाचं पाणी कुंडीपर्यंत न्यायचं. रोपाला फूल आलं की मासिक उघडणार. दर वेळी उघडायला गेलं की तुकड्यांची जागा बदललेली. पाइपची चित्रं मीच काढली. तासाभरात झाली. हात बसलेला आहे, त्यात काही विशेष नाही.

मेहुणा म्हणाला, ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी 'थेट आत जा' असं एक बटण ठेवू या का. मी त्याला शांतपणे समजावलं. जो माणूस गेम्सवरचं मासिक वाचायला आलाय त्याला असलं बटण दाखवणं म्हणजे त्याच्या बुद्धीचा अपमान. दारातच वाचक निवडून घ्यायचा असतो. मेहुणा म्हणाला, बरं. त्याचं हे 'बरं' मला कधीच आवडलेलं नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
मुख्य परीक्षणासाठी घेतलेला गेम फार मोठा आहे म्हणे. शूर योद्धा, हरवलेलं राज्य, वगैरे. दुसऱ्याच लेव्हलला एक पूल लागतो आणि पुलावर एक राक्षस बसलेला आहे. मी आलो की तो उठतो, मला उचलतो आणि नदीत टाकतो. आज दिवसभर नदीत.

तरी लेखणी थांबवली नाही. पुलापलीकडे काय असणार ते अनुभवी समीक्षकाला न जाता कळतं. लिहिलं: 'शेवट जरा घाईत गुंडाळल्यासारखा वाटतो.' कुठल्याही गेमबद्दल हे खरंच असतं.

पहाटे उठणं चालू झालेलं नाही. थंडी आहे.

१ मार्च, रविवार
अंक पहिला प्रकाशित!

फोनमध्ये जेवढे नंबर होते तेवढ्यांना लिंक पाठवली. प्लंबरलाही. सासूबाईंनाही. संपादकीयाचं शीर्षक: 'आम्ही खेळतो, म्हणून आम्ही आहोत'. आत मुख्य परीक्षण, 'खेळ आणि माणूस' ही लेखमाला, गेममधल्या संगीतावर एक टिपण (बोट लावलं की वाजतं) आणि वाचकांचा कौल. बायकोने लॅबमधून अंगठा पाठवला. उघडलंस का, विचारलं तर म्हणाली, सॅम्पल लावलेत, नंतर बघते.

२ मार्च
आकडेवारी आली. मेहुण्याने आकडे दिसायची सोय करून ठेवली आहे. डोळ्यांवर विश्वास बसेना. लोक पहिल्या पानावर सरासरी अर्धा तास थांबत आहेत! बड्या बड्या वर्तमानपत्रांना अर्धं मिनिट मिळत नाही.

दुसऱ्या पानापासून पुढे मात्र आकडेच नाहीत. मोजणारं यंत्र बिघडलेलं दिसतंय. मेहुण्याला मेसेज केला. त्याचं उत्तर: यंत्र ठीक आहे. म्हणजे त्याला बिघाड सापडत नाहीये.

९ मार्च, सोमवार
वाचकांची पत्रं येऊ लागली. आज तीन. एक लिहितो, 'जबरदस्त, सोडवत नाही.' दुसरा, 'ऑफिसात कामं पडून राहिली तुमच्यामुळे.' तिसऱ्याचं पत्र एकाच ओळीचं: 'शेवटी पोचलं पाणी!' संपादकीयातला ओलावा नेमका त्याच्यापर्यंत पोचला. इतका मार्मिक अभिप्राय कवीलाच सुचतो.

तिन्ही पत्रं बायकोला मोठ्याने वाचून दाखवली. तिने भाजी चिरता चिरता विचारलं, आत काय लिहिलंय ते यांत कुठे आलं. म्हटलं, अगं, जाणकार माणूस तपशील सांगत बसत नाही. ती म्हणाली, मग जाणकार नको, तपशील सांगणारा आण.

वाचकांचा कौल: आवडता गेम कोणता? दोन मतं आली, दोन्ही वेगळी. पहिलं मी कॉम्प्युटरवरून दिलं होतं, दुसरं फोनवरून.

१८ मार्च, बुधवार
सासूबाई राहायला आल्या आहेत. गुडघा दुखतो म्हणून जिने नकोत आणि आमचं घर तळमजल्यावर. आल्या आल्या म्हणाल्या, जावईबापू, तुमचं ते फार छान झालंय हो, दुपारची झोपसुद्धा गेली माझी. ऐकून भरून आलं. सत्तरीची बाई 'खेळ आणि माणूस' वाचून झोप विसरते. ही लेखमाला अवघड आहे असं मेहुणा म्हणाला होता.

बायकोला लगेच सांगितलं. ती म्हणाली, आई घरची आहे. म्हटलं, कायद्याने बघितलं तर सासू ही घरची नसते, पाहुणी असते. यावर माझ्या बायकोने आणि तिच्या आईने एकाच वेळी माझ्याकडे बघितलं. मुद्दा मागे घेतला.

१ एप्रिल, बुधवार
अंक दुसरा. वाचक वाढतायत. पहिल्या पानावरचा वेळ आणखी वाढला. पुढच्या पानांचं यंत्र अजून बंद.

एक गोष्ट अभिमानाने नोंदवतो. पहिल्या अंकाला महिना झाला, पण चूक दाखवणारं एकही पत्र नाही. मुद्रितशोधन मी एकट्याने केलं, त्याचं हे फळ. दुसऱ्या अंकात तर घाईघाईत एक अख्खा लेख दोनदा छापला गेला, पान चारवर आणि पुन्हा पान नऊवर. सकाळपासून कोणी चकार शब्द काढला नाही. दोनदा वाचावा असाच तो लेख आहे.

८ एप्रिल
राक्षसाने आज मला नदीत टाकायच्या आधी दोनदा गरगर फिरवलं. माझी प्रगती त्याला जाणवलेली दिसते.

२० एप्रिल, सोमवार
बायकोची अट डोक्यात ठेवून स्पर्धा जाहीर केली. पान तीनवर प्रश्न, उत्तर पाठवा, बक्षीस जिंका. प्रश्न असा: गेल्या अंकातल्या संपादकीयाचा मध्यवर्ती विचार कोणता? उत्तर देईल तोच माझा वाचक. बायकोसमोर उभाच करतो त्याला.

२७ एप्रिल
उत्तर नाही. प्रश्न कठीण होता. सोपा केला: हे मासिक कोणत्या विषयावर आहे?

४ मे, सोमवार
एकही उत्तर नाही. आपल्या वाचकांना बक्षिसाची हाव नाही, हे एका अर्थी चांगलंच आहे. पण एखाद्याने हाव धरली असती तर काही बिघडलं नसतं.

अंक तिसरा तीन दिवस उशिरा निघाला. वाचक इतके तयार झालेत म्हणून कव्हर जरा अवघड करायला सांगितलं. जास्त तुकडे, दोन गळके सांधे. मेहुणा म्हणाला, भावोजी, अजून अवघड? नक्की? म्हटलं, वाचकाला वर न्यायचं असतं. तो म्हणाला, बरं.

दुपारी सासूबाई तक्रार घेऊन आल्या. गळका सांधा फार त्रास देतो म्हणाल्या. मी विचारलं, आणि लेख कसे वाटले? त्या म्हणाल्या, कसले लेख?

वयोमानाने विसरायला होतं.

१६ मे, शनिवार
मेहुणा रविवारी यायचा तो आजच आला, आणि चहा न घेताच समोर बसला. लक्षण चांगलं नव्हतं. म्हणाला, भावोजी, एकदा नीट ऐका. यंत्र बिघडलेलं नाही. कव्हरच्या आत कोणी जातच नाहीये. निम्म्यांना कव्हर सुटत नाही. ज्यांना सुटतं ते फूल आलं की बाहेर पडतात आणि पुन्हा पहिल्यापासून खेळतात.

मी म्हटलं, म्हणजे पुन्हा पुन्हा येतात.

तो म्हणाला, हो, पण कव्हरसाठी.

आतल्या खोलीतून सासूबाई ओरडल्या, आलं, आलं, फूल आलं! मेहुण्याने त्या बाजूला नुसती मान वळवली. मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

१७ मे
रात्रभर विचार केला. मेहुण्याचा रोख समजला. त्याला कव्हरचं श्रेय हवंय. माणूस आहे, वाटणारच.

तरीही मोठ्या मनाने 'थेट आत जा' हे बटण बसवून घेतलं. चांगलं मोठं, लाल. आता ओघ बघा.

२२ मे, शुक्रवार
लाल बटण पाच दिवसांत एकदा दाबलं गेलं. चालतंय का ते बघायला मीच दाबलं होतं.

लिहायला बसलो, काही सुचलं नाही. नदीत गेलो. तिथे निदान ओळखीचं कोणीतरी असतं.

१ जून, सोमवार
अंक चौथा. वेळेवर. कारण यात एकच लेख आहे. खोलीसाठी विस्तार सोडावा लागतो.

आता मागे हटायचं नाही. वाचक आपल्याकडे येत नसेल तर आपण वाचकाकडे जायचं. भाजीवाल्याला अंक दाखवला. त्याने पाच मिनिटांत फूल आणलं आणि फोन मला परत दिला. म्हटलं, आता वाचा की. तो म्हणाला, साहेब, गिऱ्हाईक आहे. मागे गिऱ्हाईक नव्हतं, मीच होतो.

१३ जून, शनिवार
बायकोने काही विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं, दोन शब्द सुनावता आले असते. ती आल्यावर माझ्यासमोर चहा ठेवते आणि अटीचं नावही काढत नाही. मुदत संपत आलीय हे दोघांनाही माहीत आहे. कॅलेंडरचं पान पंख्याने फडफडतं, तेवढाच काय तो आवाज.

लिहून ठेवतो, म्हणजे मन मोकळं होईल: मला त्या नळांकडे परत जायचं नाहीये. कोणीतरी एकाने वाचावं एवढंच मागणं आहे. शिव्या घातल्या तरी चालतील. पण वाचून घालाव्यात.

२४ जून, बुधवार, संध्याकाळी
आजचा दिवस सविस्तर लिहितो.

अक्कलदाढ ठणकत होती. बायको अर्धी सुट्टी टाकून दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. बाहेरच्या खोलीत आम्ही दोघंच. समोर टेबलापलीकडे अपॉइंटमेंट लिहून घेणारी मुलगी, मान खाली, फोनवर बोट चालू. तेवढ्यात पाण्याचा खळखळाट ऐकू आला. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. आमच्याच बाथरूममध्ये रेकॉर्ड केलाय.

'पुढची लेव्हल'! एका पूर्णपणे परक्या मुलीच्या हातात! मी बायकोला कोपराने ढोसलं. दाढेचं दुखणं कुठल्या कुठे पळालं. बायकोही सावरून बसली. खोटं कशाला लिहू, तिच्या चेहऱ्यावर मला आनंद दिसला. माझ्याइतकीच तीही वाट बघत होती, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

मी काही बोलणार एवढ्यात तीच उठून टेबलापाशी गेली. मी कोण ते सांगितलं नाही. सहज विचारल्यासारखं विचारलं, काय गं हे, छान दिसतंय. मुलगी म्हणाली, छान म्हणजे काय, वेड लागलंय मला, बहिणीने पाठवलं, आमच्या घरी सगळे हेच खेळतात. बायकोने विचारलं, मग पुढे आत काय असतं?

मुलगी म्हणाली, तेवढाच एक वैताग आहे हो. इतकं मस्त फूल येतं आणि बघायला जावं तर वरून कसले कसले लेख उघडतात. ते बंद कसे करायचे, तुम्हाला माहीत आहे का?

बायको टेबलाची कड धरून उभी राहिली. मला वाटलं आता हसेल. हसली नाही. वळून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि त्याबद्दल मी तिचा जन्मभर आभारी आहे.

मी उठलो. म्हटलं, वर उजव्या कोपऱ्यात बारीक फुली आहे, ती दाबा. मुलीने दाबली. लेख गेले. अय्या, थँक्यू काका, म्हणाली.

मग दाढ काढली.

२५ जून
गाल सुजलाय. बोलता येत नाही. बरंच आहे.

लेख आहेत हे त्या मुलीला माहीत होतं, म्हणजे शीर्षकं तरी डोळ्यांखालून गेलीच असणार, असा एक मुद्दा सकाळी कागदावर लिहून बायकोला दाखवला. तिने कागद वाचला, घडी घातली आणि माझ्या सुजलेल्या गालावर हात ठेवला. मुद्दा मांडला गेला नाही असं धरतो.

२७ जून, शनिवार
बायकोला सुट्टी. दुपारी टेबलाशी फोन घेऊन बसली. लाल बटण न दाबता पाइप जोडत बसली. दोनदा पाणी गळालं, तिसऱ्यांदा फूल आलं. मग चारही अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले. मी स्वयंपाकघरात धुतलेलीच भांडी पुन्हा धूत होतो.

वाचून झाल्यावर हाक मारली. म्हणाली, एक लेख दोनदा आलाय. मग म्हणाली, गेमचा शेवट घाईत गुंडाळलाय असं लिहिलंयस, पण तू त्या पुलापलीकडे कधी गेलायस? म्हटलं, नाही. ती म्हणाली, चार महिने तो तुला नदीत टाकतोय आणि तू रोज परत जातोयस, मी बघते ना इथून. ते लिहिलं असतंस तर मी लॅबमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं असतं.

मी म्हटलं, झाला की मग एक वाचक.

ती म्हणाली, घरचे धरायचे नाहीत असं ठरलं होतं. आणि डोळे पुसले. मीही नळ बंद करायचा म्हणून आत गेलो.

२९ जून, सोमवार
ऑफिस. खुर्ची होती. नव्या वर्षाच्या कॅटलॉगची पानं लावायला घेतली. शॉवरचे प्रकार वाढलेत.

साहेबांनी विचारलं, इतके दिवस केलंत काय. टाळता येईना, लिंक दिली. जेवणाच्या सुट्टीनंतर साहेबांच्या केबिनचं दार बंद झालं ते बंदच. दोन पार्ट्या ताटकळत बसून निघून गेल्या. पाच वाजता मला आत बोलावलं. साहेबांनी कोट काढून ठेवला होता, बाह्या सरसावलेल्या. म्हणाले, तो शेवटचा सांधा गळतोच हो, काही केल्या जमत नाही. पण पाइप काय काढलेत तुम्ही! मग फोन खाली ठेवून विचारलं, हे सुटल्यावर आत काय असतं?

म्हटलं, काही नसतं, साहेब. फूल येतं. एवढंच आहे.